अळी डावीकडे जायची तेव्हा

"तवा मिळायचा न्हाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.

भाकरी त्याच तव्यावर होती. ती टम्म फुगली, म्हणजे तिनेही काकूंचीच बाजू घेतली. मी पाठीवर सॅक अडकवून स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. दुसऱ्या दिवशी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती, बाहेरगावचे परीक्षक घरून निघालेसुद्धा होते, आणि माझी इतक्या वर्षांची मेहनत त्या भाकरीखाली तापत होती.

"काकू, फक्त उद्याचा दिवस द्या," मी म्हणालो.

"कशाला पायजे?"

"अळीला."

काकूंनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. "हेमा, ह्यो तुझ्या विद्यापीठातला का?"

"हो आई," हेमांगीताई कांदा चिरता चिरता म्हणाली. "आमच्याच लॅबमधला आहे, मंदार. आमच्याकडे सगळे असेच होते."

हे खोटं नव्हतं. आमच्या लॅबमध्ये आम्ही अळ्या करायचो. खरी अळी नव्हे. रेशमाच्या प्रथिनात लोखंडाची पूड कालवून केलेला, मळसूत्रासारखा पीळ असलेला एक यंत्रमानव, साबुदाण्याच्या दाण्यात पाय पसरून झोपेल एवढा. टेबलावर तारांची मोठमोठी वेटोळी होती. त्यांतून वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र तयार व्हायचं, आणि अळी त्या क्षेत्राच्या तालावर गरगरत पाण्यातून पुढे सरकायची. पुढेमागे कधीतरी ती माणसाच्या रक्तवाहिनीत शिरून रक्ताची गुठळी विरघळवणार होती. तूर्तास ती प्लास्टिकच्या नळीत पोहायची. नळीला पुढे दोन फाटे होते. उजव्या फाट्यात गुठळी, डावा फाटा रिकामा. अळीने उजवीकडे वळायचं, एवढाच माझा प्रबंध. बाकीची पानं त्याच्या आजूबाजूची.

आणि दसऱ्यापासून अळी डावीकडे जायला लागली होती.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा व्हायची आणि झाडून सगळे माजी विद्यार्थी यायचे. आमच्या ओगले मॅडमनी लॅबच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'अळीघर' ठेवलं होतं आणि माजी लोकांच्या ग्रुपचं 'फुलपाखरं'. मॅडमच्या आयुष्यातला हा एवढा एकच विनोद. पीएचडी पुरी झाली, की मॅडम स्वतःच्या हाताने तुम्हाला पहिल्या ग्रुपमधून काढायच्या आणि दुसऱ्यात घालायच्या. तोंडाने त्या कधीच कुणाला "झालं हं तुझं" म्हणाल्या नाहीत. फुलपाखरं दसऱ्याला नोकऱ्यांमधून यायची, पेढे खायची, यंत्रांना हळदकुंकू लावायची आणि आम्हा अळ्यांकडे पाहून म्हणायची, "अजून इथेच?" माझ्या आईचाही दर रविवारी हाच प्रश्न असायचा. फक्त ती पेढा द्यायची नाही.

अळी वाकडी जायला लागल्यावर मी सगळे उपाय केले. झेंडूच्या पाकळ्या वेटोळ्यांतून चिमट्याने काढल्या. कुंकू पुसलं. पाणी बदललं, नळी बदलली, अळी बदलली. नवी अळीसुद्धा त्याच आत्मविश्वासाने डावीकडे गेली. क्षेत्र मोजायचं यंत्र दुरुस्तीला बंगळुरूला गेलेलं, त्यामुळे सगळं नव्याने जुळवायची सोय नव्हती. मॅडमना सांगितलं, तर त्या शांतपणे परीक्षा पुढे ढकलणार. परीक्षकांची ही तारीख मिळायलाच वर्ष गेलं होतं.

शेवटी, परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी, मी फिरोजदादाला फोन लावला. सगळी यंत्रणा मुळात त्यानेच जुळवली होती. तो आता जर्मनीत होता आणि तिकडे पहाट होती.

"डावीकडे?" तो जांभई देत म्हणाला. "टेबल हललंय का?"

"नाही."

"खाली बघ. टेबलाखाली काय आहे?"

मी वाकून पाहिलं. "काहीच नाही. स्वच्छ आहे."

पलीकडची जांभई अर्ध्यात थांबली.

"काहीच नाही? आणि तवा?"

"कुठला तवा?"

"अरे, हेमाचा तवा! आम्ही दुपारी हीटरवर थालीपीठ लावायचो. मॅडम आल्या की तवा टेबलाखालच्या फळीवर सरकवायचा. मी यंत्रणा जुळवायला बसलो त्या दिवशी तो तिथेच होता."

"मग काढायचा ना!"

"गरम होता."

"दादा..."

"हात भाजला असता, मंद्या. म्हणून आकड्यांतच धरला. एवढं लोखंड खाली आहे असं समजूनच सगळा हिशोब केलाय. तो तवा खाली असेल, तरच अळी सरळ जाते."

मी खाली बसलो. म्हणजे हेमांगीताई लग्न होऊन गेली, फिरोजदादा परदेशी गेला, मी आलो, आणि इतकी वर्षं माझी अळी एका विसरलेल्या तव्याच्या भरवशावर सरळ चालत होती. हेमांगीताईला फोन केला तेव्हा कळलं, की दसऱ्याला ती टेबलाच्या पायाला कुंकू लावायला वाकली, तिला माहेरचा तवा दिसला आणि तिने तो पिशवीत टाकला. तिच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं.

मी होस्टेलच्या मेसमधला तवा आणून पाहिला. त्यावर एकावेळी आठ पोळ्या भाजत. अळी जागच्या जागी गोल फिरू लागली. बाजारातून एक नवा आणला, तर ती उलटी आली. प्रत्येक तव्याची जाडी वेगळी, घेर वेगळा, आणि फिरोजदादाचे आकडे एकाच तव्याशी इमान राखून होते. तेव्हा मी कराडची एसटी पकडली, तिथून वडापची जीप, आणि या दारात येऊन उभा राहिलो.

"आई, देऊया ना," हेमांगीताई म्हणाली. "बिचाऱ्याची परीक्षा आहे."

"परीक्षेला तवा?" काकू म्हणाल्या. "आमच्या येळंला पाटी नेत होते."

"काकू, मी स्वतः परत आणून देतो."

"असंच म्हनून देवळातल्या भंडाऱ्याला आमची कढई नेली. आली परत. पर दुसरीच आली. आजपावतर त्या कढईत माझा मसाला करपतोय." त्यांनी भाकरी उतरवली आणि तव्यावर पाण्याचा हबका मारला. "आन् ह्यो तवा तर सोन्यासारखा हाय. हिच्या आईनं काय तवा दिलाय! दसऱ्यापासनं एक भाकर फुगायची ऱ्हायली न्हाई."

"आई, दसऱ्यापर्यंत तर तुम्ही माझ्या माहेरच्या भांड्यांना नावं ठेवत होता," हेमांगीताई म्हणाली.

"तवा सोडून बाकीच्यांना," काकू म्हणाल्या.

मी काकूंना सगळं समजावून सांगितलं. अळी, गुठळी, उजवा फाटा, सगळं. काकू पीठ मळत ऐकत होत्या.

"म्हंजी तवा खाली असला की अळी शिस्तीत जाती."

"हो."

"आन् नसला की भरकटती."

"हो."

"आन् त्येच्यावर तुला डाक्टर करनार."

असं ऐकल्यावर मलाही ते थोडं विचित्र वाटलं, पण मी "हो" म्हणालो.

"मग मी बी येती," काकू म्हणाल्या. "तवा माझ्याबरूबर येईल आन् माझ्याबरूबर जाईल. तीनची थेट गाडी हाय, तिला मला बसवायचं."

हेमांगीताईने माझ्याकडे पाहून खांदे उडवले. ती कॉलेजात शिकवायची आणि तिला रजा नव्हती. जेवताना तिने मला त्या थालीपिठांच्या गोष्टी सांगितल्या. लॅबमध्ये खायला सक्त मनाई, कारण पलीकडच्या खोलीत जिवंत पेशी वाढवायचो. त्यामुळे सगळा उद्योग चोरून. मॅडम जेवून परत यायच्या, दारातच थबकायच्या, नाक वर करायच्या आणि विचारायच्या, 'कुणाला कसला वास येतोय का?'

"मग?"

"मग आम्ही सगळे एका सुरात, 'नाही मॅडम!' फिरोज तर विचारायचा, 'कसला वास, मॅडम?' त्या म्हणायच्या, 'काही नाही. तुम्ही काम करा.'" हेमांगीताई हसून हसून लाल झाली होती. "दोन वर्षं चाललं हे!"

मीही हसलो. काकू हसल्या नाहीत. त्या तवा घासत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पहिल्या गाडीने निघालो. काकू इरकली नेसल्या होत्या आणि तवा जुन्या धोतरात बांधून मांडीवर घेतला होता. कंडक्टरने विचारलं, "मावशी, काय हाय त्यात?" काकू म्हणाल्या, "ह्येची परीक्षा." त्याने दोन तिकिटं फाडली आणि पुढे गेला.

लॅबमध्ये पोचलो तेव्हा मॅडम यायच्या होत्या. मी तवा फळीवर ठेवला आणि फिरोजदादाने फोनवर सांगितल्याप्रमाणे भिंतीपर्यंत सरकवला. अळी सोडली. ती नळीतून ऐटीत गेली, फाट्याशी पोचली आणि उजवीकडे वळली. मला रडू यायचं बाकी होतं.

"हीच का ती?" काकू पडद्यावर बघत म्हणाल्या. "मला वाटलं मोठी आसंल."

काकूंना दुसरीकडे कुठे बसवण्यात अर्थ नव्हता. तव्यावरून त्यांची नजर हलणार नव्हती. मी त्यांना टेबलाशेजारच्या स्टुलावर बसवलं. तोंडी परीक्षा सगळ्यांना खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, असा नियमच आहे. आजवर कुणी येऊन बसलं नव्हतं, एवढंच.

मॅडम परीक्षकांना घेऊन आल्या. परीक्षक डॉ. पालेकर उंच, वाळलेले आणि अत्यंत गंभीर होते. त्यांनी काकूंना पाहिलं, त्या मॅडमच्या घरच्या असाव्यात असं समजून वाकून नमस्कार केला. मॅडमनी ते पाहिलं आणि काकू सरांबरोबर आल्यात असं समजून त्यांनाच आधी पाणी विचारलं. काकूंनी दोघांनाही "बसा, बसा" केलं.

माझं सादरीकरण बरं झालं. पालेकर सरांनी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. त्यांनी आणखी प्रश्न विचारले, मी आणखी उत्तरं दिली. काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. मग सर खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "चला, आता प्रत्यक्ष दाखवा."

मी अळी सोडली. मोठ्या पडद्यावर ती दिसत होती. गरगरत, शांतपणे, नाकासमोर चालली होती. फाटा जवळ आला. सर पुढे वाकले. मॅडम पुढे वाकल्या. अळी उजवीकडे कलली.

आणि अचानक तिने मन बदललं. ती थांबली, थरथरली आणि डावीकडे निघाली.

मी खाली बघितलं. काकू स्टुलावरून वाकून, अगदी आवाज न करता, तवा धोतरात गुंडाळत होत्या.

"काकू!"

"आरं, झालं न्हवं? वळली की ती. मला गाडी हाय."

"ठेवा तो!"

"पर तीनची..."

"काकू, ठेवा! भिंतीपर्यंत!"

काकूंनी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत तवा परत सरकवला. खण्णकन भिंतीला लागला. पडद्यावरची अळी थबकली, मागे फिरली, फाट्याशी आली, शहाण्या मुलीसारखी उजवीकडे वळली आणि गुठळीला जाऊन चिकटली.

पालेकर सर पडद्याकडून टेबलाकडे वळले.

"ते काय होतं?" पालेकर सरांनी विचारलं.

मी 'बाह्य क्षेत्रातील नियंत्रित बदल' असं काहीतरी म्हणू शकलो असतो. वाक्य जिभेवर आलंही होतं. पण काकू माझ्याकडे बघत होत्या.

"तवा, सर."

"कशाचा?"

"भाकरीचा."

"म्हणजे कुठल्या धातूचा, विचारतोय मी."

"लोखंडी, सर."

"पुन्हा काढा," सर काकूंना म्हणाले.

काकूंनी काढला. अळी डावीकडे कलली. "घाला." घातला. अळी सरळ. सरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, स्वतः जमिनीवर बसले आणि तवा आत-बाहेर करू लागले. प्रत्येक वेळी मान वर करून पडद्याकडे बघायचे. मी एवढ्या गंभीर माणसाला एवढा खूश झालेला पुन्हा कधी पाहिला नाही.

मॅडम मात्र पडद्याकडे बघतच नव्हत्या.

"मंदार," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा तवा माझ्या लॅबमध्ये कसा आला?"

संपलं, मी मनात म्हटलं. सगळं सांगून टाकलं. हेमांगीताई, फिरोजदादा, हीटर, थालीपीठ, गरम तवा, आकडे, दसरा. मॅडमचा चेहरा पांढरा पडत गेला. त्यांनी मागे हाताने खुर्ची चाचपली आणि बसल्या.

"थालीपीठ," त्या म्हणाल्या.

"हो मॅडम."

"रोज दुपारी?"

"असं हेमांगीताई म्हणते."

मॅडमनी पर्समधून फोन काढला. फोन लागला, त्यांनी तो स्पीकरवर टाकला. पलीकडे वर्गातल्या पोरांचा गलका होता.

"हेमांगी, ओगले बोलतेय. मला एकच सांग, आणि खरं सांग. लॅबमध्ये भाजणीचा वास यायचा?"

गलका दूर गेला. ताई वर्गाबाहेर आली असावी.

"...हो मॅडम."

"कांद्याचा?"

"हो मॅडम. कांदा घालायचो. कधीकधी कोथिंबीर. मॅडम, सॉरी, आम्ही..."

"म्हणजे होता," मॅडम म्हणाल्या. "तो वास खरंच होता."

मग त्या रडू लागल्या. आणि रडता रडता हसू लागल्या. मला काय करावं कळेना. पालेकर सर तवा हातात धरून जमिनीवरच थांबले.

"मी तपासण्या करून घेतल्या," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "डोक्याचा स्कॅन केला. नाही तो वास येणं हे मेंदूतल्या गाठीचं लक्षण असू शकतं, असं डॉक्टर म्हणाले. माझी आई त्यातच गेली. स्कॅनमध्ये काही निघालं नाही, तर मला वाटलं, अजून लहान असेल, पुढच्या वर्षी दिसेल. दर वर्षी जाते मी. कुणाला सांगितलं नाही. रोज दुपारी दारात उभी राहून तुम्हा सगळ्यांना विचारायचे, कुणाला वास येतोय का. आणि सगळी मुलं म्हणायची, नाही मॅडम."

फोनमधून हेमांगीताईचा रडका आवाज आला, "मॅडम..."

"कांदा," मॅडम म्हणाल्या. "नालायक मुलांनो. कांदा!" आणि पुन्हा इतक्या हसल्या, की चष्मा पडला.

काकू उठल्या, मॅडमच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बाई, मला आधी ठावं असतं तर दोन थालीपिठं बांधूनच आनली असती."

पालेकर सरांचा निकाल सगळ्यांत छोटा होता. प्रबंधात दुरुस्ती एकच. चौथ्या प्रकरणात, यंत्रसामग्रीच्या वर्णनात, तवा घालावा. व्यास, जाडी आणि टेबलापासूनचं अंतर लिहावं. "वापरलेला आहे हेही लिहा," ते कोट घालता घालता म्हणाले. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तो प्रबंध आजही आहे. कुणी उघडला असेल, असं मला वाटत नाही.

काकूंना स्टँडवर पोचवायला मी धावतपळतच निघालो. तीनची गाडी फलाटाला लागली होती. काकू खिडकीशी बसल्या, तवा मांडीवर. तेवढ्यात माझा फोन वाजला. मी पाहिलं.

'ओगले मॅडमनी तुम्हाला "अळीघर" मधून काढून टाकले.'

एवढंच होतं. मी ते पुन्हा वाचलं. डोळे भरून आले आणि अक्षरं पुसट झाली. खिडकीतून काकूंनी मान बाहेर काढली.

"काय रं? काय झालं?"

"काढलं मला, काकू."

"आरं देवा!" काकूंनी कपाळाला हात लावला. "माझ्यामुळं का? म्या तवा वडला म्हनून?"

"हो काकू," मी म्हणालो. "तुमच्यामुळंच."

मला पुढचं सांगायचं होतं, पण हुंदका आणि हसू एकदमच आलं आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली. काकूंनी घाईघाईने पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढली आणि खिडकीतून माझ्या हातात कोंबली.

"रडू नगंस," गाडी हलता हलता त्या ओरडल्या. "त्यांला अक्कल न्हाई! दुसरीकडं बघ कुठंतरी, हुशार हायस तू!"

गाडी फाटकातून बाहेर पडली आणि उजवीकडे वळली. मी तिथेच फलाटावर बसलो आणि भाकरी खाल्ली.